संजू विकायचा नाही

आमलीच्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अरविंदशेठचा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी तिथे शिकवणी नसे. यंत्रांवरची धूळ पुसावी आणि खिडकीच्या जाळीत अडकलेले तंतू काढावेत, एवढ्यासाठी त्या दिवशी किल्ली तिथे मदतीला असलेल्या ओंकारकडे असे. सिल्वासाच्या चहूबाजूंनी तेव्हा दोऱ्याचे कारखाने उभे राहत होते, आणि त्या दोऱ्याचा इतका बारीक अंश हवेतून गावात येई की सकाळच्या तिरप्या उन्हात तो तरंगताना दिसायचा. ओंकार तो हलक्या हाताने पुशी, आणि मग कोपऱ्यातल्या एकुलत्या रंगीत पडद्याच्या यंत्रासमोर बसून, आपण आयुष्यात कधीही पाहणार नाही अशा एका इंग्रजी गावातल्या फुटबॉल क्लबचे हिशेब उघडी.

जिन्यावर चपलांचा आवाज झाला की त्याला मान न वळवता कळे, गोकुळ आला.

"मास्तर, काय करून राह्यला आपला संजू?"

"शनिवारी एक गोल. दुसरा थोडक्यात हुकला."

"थोडक्यात म्हंजे किती?"

पडद्यावर चित्र नसे, आवाज नसे. हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत एवढेच उमटे, की अमक्याने चेंडू मारला आणि तो खांबाला लागून बाहेर गेला. पण गोकुळने विचारले की एरवी कुणाशी सलग दोन वाक्ये न बोलणारा ओंकार हाताची बोटे फाकवून दाखवी. "एवढा. खांबाला लागला."

"खांब्याले! अरे भो!" गोकुळ मांडीवर थाप मारी. "आश्रमशाळेत बी हेच करे तो. गुरुजी म्हनत, याले गोलपेक्षा खांबा मोठा दिसतो."

संजू हा गोकुळचा धाकटा भाऊ. शहाद्याकडचे हे दोघे नरोलीला एका खोलीत आणखी चौघांसोबत राहत आणि दोऱ्याच्या एकाच कारखान्यात पाळ्या करत. आपण मशीनवर न मरता कधीतरी टेबलामागे बसावे, अशी इच्छा धरून संजूने एका महिन्याची फी भरली आणि या क्लासमध्ये नाव घातले. तो जेमतेम दोन आठवडे आला. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावरही तो मागे रेंगाळला होता. ओंकार तेव्हा मुंबईच्या मावसभावाने दिलेली ती खेळाची फ्लॉपी पहिल्यांदाच लावून बघत होता. खेळात आपण खेळायचे नसून क्लब चालवायचा असतो, हे त्याला नुकतेच उमगत होते. सुरुवातीलाच यंत्राने विचारले, कुणाचे नाव बदलायचे आहे का?

"सर, आपलं घालता येतं यात?" संजूने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, यादीतल्या शेवटच्या, अठरा वर्षांच्या, कवडीमोलाच्या आघाडीच्या खेळाडूच्या जागी स्वतःचे नाव टाकले. मग हसून म्हणाला, "काढू नका बरं का सर. नवीन आहे, पण शिकेल."

त्यानंतर तो आला नाही. कच्छच्या किनाऱ्याकडे कसलेसे प्रचंड बांधकाम निघाले होते, तिथे माणसे नेणाऱ्या ठेकेदाराच्या गाडीत तो बसला. तिथून पुढे बोटीने कुठेतरी गेला, असे कुणी सांगितले, आणि कुणी सांगितले की नाही गेला. काही महिन्यांनी गोकुळ क्लासमध्ये चौकशीला आला होता. संजू जाण्याआधी काही बोलला का, कुठला पत्ता ठेवला का? ओंकारला काहीच ठाऊक नव्हते. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते आणि धीर देणारे शब्दही नव्हते. म्हणून त्याने खेळ चालू केला आणि पडदा गोकुळकडे वळवला.

गोकुळला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण ती पाच अक्षरे संजूने खोलीच्या भिंतीवर, डब्याच्या झाकणावर, सायकलच्या मडगार्डवर इतक्यांदा लिहिली होती की त्यांचा आकार त्याला पाठ होता. त्याने पडद्याला बोट लावले.

"हा खेळतो का?"

"राखीव आहे सध्या," ओंकार म्हणाला. मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून घाईघाईने, "पुढच्या सामन्यात घेतो."

त्याने खरेच घेतले, आणि संजूने पहिल्याच सामन्यात गोल केला.

तेव्हापासून पाळी आडवी आली नाही तर गोकुळ दर रविवारी येई. क्लबचे नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून तो त्याला 'आपली कंपनी' म्हणे. पंच म्हणजे सुपरवायझर, जखमी खेळाडू म्हणजे खाड्यावर गेलेला.

"या कंपनीत ओव्हरटाइम देत्या का मास्तर?"

"नाही."

"मंग हा कायले येवढा पळतो?"

ओंकार हसे, आणि आपण हसलो याचे त्यालाच नवल वाटे.

सामन्यांत त्याचा जीव नव्हता. त्याने मैदानावर कधी चेंडूला पाय लावलेला नव्हता, आणि खेळाडू कसे उभे करावेत हे तो निव्वळ अंदाजाने ठरवी. त्याला आवडे ते हिशेबाचे पान. डावीकडे जमा: तिकिटे, वर्गणी, मैदानाभोवतीच्या जाहिराती. उजवीकडे खर्च: पगार, गवताची निगा, बँकेचे व्याज. चौथ्या दर्जाच्या त्या गरीब क्लबात दर आठवड्याला थोडे येई आणि थोडे जास्त जाई, आणि ती फट कुठूनतरी बुजवायची, हे त्याचे काम. तिकीट महाग केले तर माणसे घरी बसत. स्वस्त केले तर माणसे येत, पण पगार भागत नसे. त्या पानासमोर ओंकारला एक अपरिचित शांतता लाभे. कुणाच्या नजरेला नजर न देता, कुणाला हाक न मारता, इथे पंचवीस माणसांचे पोट चालवता येत होते.

एकच नियम त्याच्या मनात काट्यासारखा रुतून होता. प्रत्येक खेळाडूपुढे 'विकायचा नाही' अशी खूण करता येई, आणि संजूपुढे त्याने ती पहिल्या दिवशीच केली होती. पण क्लबने बँकेतून घेतलेली उचल ठरावीक मर्यादेबाहेर गेली, की बँक ती खूण मानत नसे. कुणाला न विचारता ती सर्वांत जास्त किमतीचा खेळाडू विकून टाके. आणि दोन मोसमांत, एका बोटाने लिहिलेला तो कवडीमोलाचा पोरगा क्लबातला सर्वांत महाग खेळाडू झाला होता.

दिवाळीला गोकुळ गावी जाऊन आला. त्या रविवारी तो स्टुलावर बसला, पण संजूचे विचारीना.

"मास्तर, एक बोलू का? रागावशान नाही ना?"

"बोला ना, गोकुळभाऊ."

"मायले मी सांगून टाकलं. कोंडाबाई, आमची माय. डोळ्यानं कमी दिसते तिले. जो भेटंल त्याले इचारत राहते, संजूचं काही समजलं का. म्या म्हनलं, समजलं. परदेशात येका कंपनीच्या टीममधी खेळतो. दर शनिवारी मॅच राहते." त्याने डोके खाजवले. "आता ते खोटं का खरं, मले बी समजून नाही राह्यलं. तुमच्या या पेटीत तं खेळतोच ना तो?"

ओंकारने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मग... त्या काय म्हणाल्या?"

"म्हने, पडत-झडत नाही ना? पोटभर जेवतो ना? म्या म्हनलं, जेवतो. गोल किती केले म्हने. मले आठवत होते तेवढे सांगितले. तिनं बोटं मोजली." गोकुळ खिडकीबाहेर पाहू लागला. "आता आखाजीच्या सनाले जाईन तं पुढचे इचारंल."

त्या दिवसानंतर हिशेबाचे पान ओंकारसाठी पूर्वीसारखे राहिले नाही. तिथली शांतता गेली. प्रत्येक आकड्यामागे आता एक म्हातारी बोटे मोजत बसलेली होती. बँकेने संजूला विकले तर तो यादीतून जाईल, शनिवारच्या गोलांतून जाईल, आणि शहाद्याजवळच्या एका ओसरीवरून दुसऱ्यांदा निघून जाईल. ते होऊ द्यायचे नाही, एवढी एकच गोष्ट ओंकारने आयुष्यात पहिल्यांदा पक्की ठरवली. तो चिक्कूपणाने क्लब चालवू लागला. दोन म्हातारे खेळाडू त्याने कायमचे घरी धाडले, प्रशिक्षक कमी केला. संजूच्या गोलांनी करंडकाच्या सामन्यांत क्लब पुढे सरकत गेला, मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लबशी गाठ पडली, मैदान गच्च भरले, आणि फेब्रुवारीच्या शेवटी जमेच्या बाजूला कधी नव्हती एवढी शिल्लक उभी राहिली.

त्या वर्षी खेळातला मार्च आणि घरातला मार्च साधारण एकाच वेळी आले.

ओंकारच्या घरात मार्चला सणाची कळा असे. त्याचे वडील भास्करराव रत्नागिरीकडून बदलीवर सिल्वासाच्या प्रशासनात हिशेबखात्यात आले आणि इथलेच झाले. वर्षभर ते अबोल असत, पण मार्च लागला की त्यांच्या आवाजाला धार येई. कुठल्या खात्याचे अनुदान पडून आहे, कुठे पंखे घेतले, कुठे भिंत नसताना रंगाचे बिल काढले, हे सगळे जेवताना निघे. आई, सुमन, ताटात भात वाढता वाढता नुसती हूं म्हणे.

त्या रात्रीच्या जेवणाला ओंकारने विचारले, "बाबा, शिल्लक फार राहिली तर काय करतात?"

भास्कररावांनी घास तसाच धरून त्याच्याकडे पाहिले. या मुलाने आपल्याला कामाचे काही विचारल्याची ही पहिलीच वेळ होती.

"फार? मार्चात? अरे, शिल्लक राहणं म्हणजे नामुष्की. एकतीस तारीख उलटली की पैसा परत जातो. वर पुढच्या वर्षी म्हणतात, मागच्या वेळी लागला नाही ना, मग यंदा निम्माच घ्या."

"मग कशावर खर्चावा?"

"बांधकामावर," भास्करराव तत्काळ म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बांधकाम सर्वांत उत्तम. रक्कम एकदम उचलली जाते, आणि वस्तू डोळ्यांना दिसते. कुठल्या खात्याचं आहे?"

"आहे एक. अरविंदशेठच्या ओळखीचं," ओंकार पुटपुटला.

"त्यांना सांग, भास्कर म्हणतो, अजिबात थांबू नका."

"आधी मुलाला जेवू द्या," सुमन म्हणाली. पण तिलाही बरे वाटले होते. दोघांचे बोलणे ऐकून ती आणखी तूप घेऊन आली.

ओंकारने हे आयुष्यभर ऐकले होते. वर्षाचा पैसा वर्षात संपवायचा असतो, नाहीतर तो कुणीतरी काढून घेतो, हे त्याला सूर्य पूर्वेला उगवण्याइतके स्वाभाविक वाटे. पडद्यावर मार्चचा शेवटचा आठवडा आला तसा त्याचा जीव कासावीस झाला. एवढी रक्कम गेली तर पुढच्या मोसमात पगार कुठून? पगार अडले की उचल, आणि उचल वाढली की संजू. त्याने गोकुळला सगळे समजावून सांगितले. नवा स्टँड बांधला तर पुढच्या वर्षी जास्त माणसे येतील, जास्त तिकिटे खपतील, आणि पैसाही परत जाणार नाही.

गोकुळला यात काहीच वावगे दिसले नाही. "आमचा सेठ बी तेच करतो. दर मार्चले एक शेड उभी करतो. नाहीतं टॅक्सवाले खाऊन जाते म्हने. बांधून टाका, मास्तर. येवढं लोक संजूले पाह्याले येते, त्याहिले बसाले तं जागा पाह्यजे."

ओंकारने कळ दाबली. पडद्यावर मैदानाच्या एका बाजूला रिकामी चौकट आली आणि तिच्यात 'काम चालू' अशी अक्षरे. शिल्लक जवळजवळ शून्यावर उतरली. त्याने मोठा सुस्कारा सोडला. दोघांनी खाली जाऊन चहा घेतला, आणि पैसे गोकुळने दिले. म्हणाला, "आज कंपनीचं भूमिपूजन."

मग खेळातला एप्रिल आला. उरलेली थोडी शिल्लक होती तेवढीच होती, कुणी काहीही परत नेले नव्हते.  घरी त्याने जपून विचारले, "बाबा, खाजगी क्लब असेल तर? म्हणजे लोकांनी वर्गणी काढून चालवलेला?"

"खाजगी?" भास्कररावांनी चष्मा काढून पुसला. "मग पैसा परत जाणार कुणाकडे? त्यांचा पैसा त्यांच्यापाशीच. खाजगीला मार्च नसतो, बाळा." मग जरा थांबून, "का रे? त्यांनी बांधलं की काय?"

"नाही," ओंकार म्हणाला.

त्याहून मोठी गोष्ट त्याला खेळातल्या मे महिन्यात समजली. आधीच्या दोन उन्हाळ्यांत क्लब इतका लहान आणि पगार इतके थोडे होते की ती जाणवली नव्हती. मोसम संपला की सामने थांबतात. सामने थांबले की फाटकाशी दमडी येत नाही. आणि पगार मात्र दर आठवड्याला पावसाळ्यातल्या ओघळासारखे वाहतच राहतात. ती मोठी शिल्लक पुढच्या ऑगस्टपर्यंत तग धरण्यासाठी होती. तिकडच्या लोकांच्या वर्षाला मार्चशी काही देणेघेणे नव्हते, त्यांचे वर्ष उन्हाळ्याच्या रिकाम्या मैदानावर संपत होते. हे त्याला कोण सांगणार होते? ज्या एका घरात तो हिशेब शिकला, त्या घरात वर्ष दुसरीकडे कुठे संपू शकते, हा विचारच कुणी केलेला नव्हता.

उचल वाढू लागली. ओंकारने जे जे सुचेल ते केले. जाहिरातींचे दर उतरवले, मिळेल ते घेतले. वर्गणीदारांची पुढच्या वर्षाची तिकिटे आत्ताच विकायला काढली. तीही थोडीच खपली, कारण अर्ध्या मैदानावर माती होती. बाकी सगळे खेळाडू त्याने विक्रीला लावले. गोलरक्षक, कर्णधार, सगळे. आठवडा गेला की तो उत्तरे पाही. कुणालाच ते नको होते. सगळ्या क्लबांची विचारणा एकाच नावाची होती, आणि त्याने प्रत्येकाला नकार कळवला. काम थांबवावे म्हणून तो मैदानाच्या पानावर गेला. चालू काम थांबवण्याची सोय नव्हती. मागे जाण्याचीही नव्हती. प्रत्येक आठवडा संपला की खेळ आपणहून फ्लॉपीवर नोंद करी आणि आधीची पुसून टाकी, आणि त्या फ्लॉपीची नक्कल काही केल्या निघत नव्हती.

शेवटी त्याच्या हाती एकच उपाय उरला. पुढे जायचेच नाही. मर्यादा ओलांडायला एक आठवडा बाकी असताना त्याने यंत्र बंद केले आणि त्यावर प्लास्टिकचे आच्छादन ओढले. जोवर तो पुढच्या आठवड्याची कळ दाबत नव्हता, तोवर तो आठवडा संपत नव्हता, बँकेला हात पुढे करता येत नव्हता, आणि संजू त्या रिकाम्या उन्हाळ्यात क्लबाचाच खेळाडू होता. गोकुळ आला, तेव्हा तो म्हणाला, "मशीन बिघडलंय."

"कव्हा होईल?"

"वापीहून माणूस यायचाय."

पुढच्या रविवारीही माणूस आलेला नव्हता. त्या वेळी नेमका अरविंदशेठ वर आला आणि आच्छादन पाहून म्हणाला, "आ शुं? यह बंद किसने किया? काल तर बरोबर चालू होतं ने?" ओंकारचे कान तापले.  शेठ गेल्यावर गोकुळ हळूच स्टुलावर बसला.

"मास्तर, काय झालं त्याले? खाड्यावर गेला का?"

"नाही."

"मंग?"

ओंकारने सांगितले. अडखळत, मध्येच थांबत, पण सगळे सांगितले. मार्च, बांधकाम, उन्हाळा, बँक. गोकुळ पगाराच्या दिवशी कपातीचे कारण ऐकावे तसा ऐकत होता. सगळे समजत होते, आणि समजून काही होणार नव्हते.

"म्हंजे तुमी कळ दाबत नाही, तोवर तो हाये."

"हो."

"पन खेळत नाही."

"नाही. थांबलेला आहे."

गोकुळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. दोऱ्याने कापलेल्या बारीक रेषा त्यांवर उभ्याआडव्या होत्या. "परवा आखाजीले निघतो मी. माय इचारंल. काय सांगू, थांबून हाये म्हनून?" त्याने मान हलवली. "दोन वरीस आमी तेच तं करून राह्यलो मास्तर. थांबून. दाबा."

"गोकुळभाऊ, एखादा आठवडा बघू या. कदाचित—"

"दाबा."

ओंकारने आच्छादन काढले. पडदा तापायला नेहमीसारखाच वेळ लागला. त्याने संजूपुढची 'विकायचा नाही' ही खूण पुन्हा एकदा तपासली, जणू अधिक ठळक करता आली असती तर केली असती, आणि कळ दाबली.

आठवडा गेला. पडद्यावर तीन ओळी आल्या. ओंकारने त्या मनात वाचल्या, मग मराठीत मोठ्याने सांगितल्या. बँकेने क्लबच्या वतीने व्यवहार केला आहे. संजू परदेशी क्लबकडे गेला. रक्कम जमा झाली.

"कोनता क्लब?"

"नाव देत नाहीत. परदेशी असला की एवढंच लिहितात. मग तो खेळातून... मग त्याच्या सामन्यांचं काही येत नाही."

"त्याले इचारलं का?"

"कुणी?"

"कोनीबी. जातो का म्हनून, त्याले इचारलं का?"

"यात खेळाडूला विचारत नाहीत," ओंकार म्हणाला.

गोकुळने नुसती मान डोलवली, जशी काही ही गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक होती. मग तो हिशेबाच्या पानाकडे पाहू लागला. लाल आकडा जाऊन तिथे लांबलचक पांढरा आकडा आला होता.

"हे त्याचे?"

"हो."

"रुपये?"

"पौंड. पन्नासेक रुपयांचा एक."

गोकुळचे ओठ हलले, पण हिशेब त्याच्या आवाक्याबाहेर गेला आणि त्याने तो सोडून दिला. "येवढी किंमत," तो हळूच म्हणाला. "त्याले माहीत तरी असंल का मास्तर? इथं खोलीचं भाडं द्याले त्यानं सायकल विकली होती."

ओंकारला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात अर्ध्यावर आला आणि कीबोर्डवर परतला.

आखाजी झाली. गोकुळ परतला तो गावाकडच्या सांजोऱ्या घेऊन, कागदात बांधलेल्या, तुपाने पारदर्शक झालेल्या. "मायनं धाडल्या. संजूच्या साहेबाले दे म्हने." ओंकारने पुडी हातात घेतली आणि तिच्याकडे पाहणे टाळले.

"काय सांगितलंत त्यांना?"

"आनखी दूरच्या कंपनीनं नेला म्हनलं. मोठ्या. तिथून खबर लवकर येत नाही." तो स्टूल ओढून बसला. "ती म्हने, मंग ज्यानं दिला, त्याले म्हना वापस घ्या. पैसे आले ना तुमाले?" गोकुळ थोडेसे हसला. "म्हातारी हिशोबाले पक्की हाये. वापस भेटते का असं, मास्तर?"

परदेशी क्लबकडे गेलेल्या खेळाडूची नोंद खेळ पुसून टाकतो, हे ओंकारला माहीत होते. खेळाच्या आतले त्याला जेवढे समजत होते, तेवढे हेच सांगत होते.

"कधीकधी विक्रीच्या यादीत परत दिसतात," तो म्हणाला.

"मंग पाहू ना यादी."

तेव्हापासून रविवारी ते यादी पाहू लागले. दर आठवड्याला नवी नावे येत, एका पानावर वीस, आणि पाने पुष्कळ. ओंकार कळ दाबत जाई आणि गोकुळ पुढे वाकून, इंग्रजी न येणाऱ्या डोळ्यांनी, त्या पाच अक्षरांचा आकार शोधी. एखादे नाव त्याच अक्षराने सुरू झाले की तो पडद्याला बोट लावी. "हे?" "नाही. हा दुसरा कुणी." "बरं. पुढं घ्या."

नवा स्टँड ऑगस्टात पुरा झाला. तो भरण्याइतकी माणसे येत नव्हती, कारण गोल करणारे कुणी उरले नव्हते. क्लब हरत गेला. संचालक मंडळाचे खलिते येऊ लागले, एवढी रक्कम पडून असताना खेळाडू का घेत नाही? ओंकारने एकही घेतला नाही. फाटकाशी येई त्यात तो कसेबसे पगार भागवी, आणि संजूच्या रकमेला हात लावत नसे. मंडळाने कारभार काढून घेण्याची धमकी दिली. ती खरी आहे आणि मोसमाअखेर अमलात येईल, हेही त्याला कळत होते.

मग पुन्हा मार्च आला. जेवताना भास्कररावांचा आवाज चढला. कुठल्याशा खात्याने आयत्या वेळी टेबले मागवली होती. ते रंगात येऊन सांगत होते आणि मध्येच ओंकारकडे वळले. "आणि तुझ्या त्या क्लबाचं काय? यंदा शिल्लक किती?"

"आहे बरीच," ओंकार म्हणाला.

"मग? काही घेत नाहीत?"

"एकच घ्यायचंय. ते बाजारात येत नाही."

"मग दुसरं काही घ्या म्हणावं," भास्करराव म्हणाले, आणि टेबलांकडे परतले. सुमनने मुलाच्या ताटाकडे पाहिले.

त्या रविवारी सिल्वासात वारा होता आणि खिडकीच्या जाळीत नेहमीपेक्षा जास्त तंतू अडकले होते. ओंकारने ते काढले. जिन्यावर चपला वाजल्या, तेव्हा यादीचे पहिले पान त्याने उघडून ठेवले होते.